झाडाच्या उजवीकडून

पायल सात वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात नत्थू रामटेकेने तिला गोल्फ शिकवायला घेतलं, आणि पहिल्याच सकाळी त्याने तिची वेणी कडुनिंबाच्या फांदीला बांधली.

चेंडू मारताना डोकं हलायला नको, हा त्याचा पहिला नियम होता. सुतळीचं एक टोक वेणीला, दुसरं फांदीला. चेंडू मारायचा क्लब फिरवताना पायलचं डोकं जरा जरी सरकलं तरी केस मुळापासून ओढले जात. ती रडायला लागली की तो थांबायचा, रडणं संपेपर्यंत वाट पाहायचा आणि म्हणायचा, "मार." ओरडायचा नाही. नत्थू कधीच ओरडत नसे. तीन वर्षं असं चाललं. दहाव्या वर्षी पायलने आईच्या कात्रीने आपले केस कानापर्यंत कापून टाकले. ते पाहून कौसल्या, तिची आई, जमिनीवरचे केस गोळा करायला लागली. दुसऱ्या दिवसापासून नत्थू समोर उभा राहून क्लबचं मुठीकडचं टोक तिच्या टाळूवर दाबून धरू लागला.

त्याला स्वतःला कोणीच शिकवलं नव्हतं. नागपूरच्या पश्चिमेला एका सरकारी खात्याचं जुनं नऊ होलचं मैदान होतं. मार्चनंतर तिथलं गवत जळून जायचं आणि चेंडू मातीवरून टणटण उडत जायचा. नत्थू नवव्या वर्षापासून तिथे साहेबांच्या बॅगा उचलत होता. बॅग उचलता उचलता तो बघायचा. कोणाचा खांदा कुठे जातो, कोणाचं मनगट कधी वळतं. एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याने एक जाड इंग्रजी पुस्तक नत्थूला दिलं. नत्थूला इंग्रजी येत नव्हतं, पण पुस्तकात फोटो होते. फोटोतले खेळाडू चेंडू मारून झाल्यावर मागे वाकलेले असत, पोट पुढे, पाठ धनुष्यासारखी. नत्थूला ते फार देखणं वाटलं. नंदनवन वस्तीतल्या घरात, कपाटाच्या आरशासमोर, त्याने ती वाकण वर्षभर घोटली. विशीत तो बॅगा उचलणाऱ्या सगळ्या कॅडींमध्ये सरस झाला, पंचविशीत मैदानाच्या समितीने त्याला शिकवायची परवानगी दिली. मग अधिकारी, डॉक्टर, सराफ, त्यांच्या बायका, त्यांची मुलं, सगळे त्याच्याकडून शिकले. त्याला सगळे मास्तर म्हणत. त्याच्या घरात मास्तर म्हणवून घेणारा तो पहिलाच.

पायलने त्याच्यापेक्षा मोठं व्हावं असं त्याला वाटत होतं. ते तिला त्याने कधी सांगितलं नाही. पहाटे पाचला तो तिला लुनावर मागे बसवून न्यायचा आणि शाळेच्या वेळेआधी तीनशे चेंडू मारून घ्यायचा.

चौथ्या होलच्या वाटेत एक मोठी बाभूळ होती. होलची खूण असलेला झेंडा बरोबर तिच्या मागे. चेंडू झाडाच्या उजवीकडून काढून हवेत डावीकडे वळवायचा, तरच तो झेंड्यापाशी पोचायचा. हा फटका कसा मारायचा याचं नत्थूचं सूत्र पक्कं होतं, आणि त्या काळी सगळेच तसं शिकवत. क्लबचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारा तो सपाट लोखंडी भाग, झेंड्याकडे ठेवायचं. क्लब फिरवायचा मात्र झाडाच्या उजवीकडे. क्लब जिकडे जाईल तिकडे चेंडू निघतो, आणि तोंड जिकडे असेल तिकडे मग वळतो.

पायल तसं करायची आणि चेंडू जाऊन बाभळीवर आदळायचा. दहापैकी नऊ वेळा.

"तसंच तं केलं, बाबा," ती म्हणायची.

"तसं केलं असतं, तं झाडाले काहून लागलं असतं?"

नत्थू क्लबच्या मुठीने तिच्या बोटांच्या पेरांवर मारायचा, डाव्या हाताच्या, कारण उजव्या हाताने तिला शाळेत लिहावं लागे. मग तिच्या हातातला क्लब घेऊन स्वतः मारून दाखवायचा. चेंडू उजवीकडून निघायचा, बाभळीच्या कडेने अलगद डावीकडे वळायचा आणि झेंड्याशी पडायचा. सहापैकी सहा. "पाय. असं," तो तिला पाहायला सांगायचा. पायल पाहायची. तिला आपल्यात काही खोट आहे असं वाटू लागलं. आपण ऐकतो ते आणि आपले हात करतात ते वेगळं आहे, असं तिने तेव्हाच मनाशी धरलं, आणि ते बारा वर्षं तिच्या मनातून गेलं नाही.

तरी ती चांगली खेळायची. सोळाव्या वर्षी राज्याच्या ज्युनियर मुलींमध्ये पहिली आली. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात ती चेंडू मारून मागे वाकलेली होती, अगदी त्या पुस्तकातल्यासारखी. नत्थूने तो फोटो कापून भिंतीवर लावला, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खाली.

पुढच्या वर्षी तिची कंबर दुखायला लागली. कौसल्या रात्री तेल चोळून द्यायची, शेकायची. डॉक्टरला दाखवू म्हणून तिने दोनदा विषय काढला. नत्थू म्हणाला, पाठ सगळ्यांचीच दुखते, आपण जन्मभर बॅगा उचलल्या, आपली काय दुखली नाही? पायल गोळ्या घेऊन खेळत राहिली. एकोणिसाव्या वर्षी एका मोठ्या स्पर्धेत अकराव्या होलनंतर ती चेंडू ठेवायला वाकली आणि तिला उठता येईना. सोबतच्या मुली धावल्या, कोणीतरी पाणी आणलं. नत्थू तिची बॅग उचलत होता. तो तिच्याजवळ गुडघ्यावर बसला. पाहणाऱ्यांना वाटलं बाप धीर देतो आहे. तो तिच्या कानाशी म्हणाला, "नाटक नोको करू वं. सातच होल राह्यले."

ती उठली. आणखी दोन होल खेळली. तेराव्या होलवर ती चेंडू मारून मागे वाकली आणि तशीच आडवी पडली. या वेळी तिला गाडीतून न्यावं लागलं.

स्कॅनमध्ये दिसलं की कमरेच्या सर्वांत खालच्या मणक्याला दोन्ही बाजूंनी तडा गेला आहे. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून पायलला आणि कौसल्याला दाखवली. हे एका दिवसाचं काम नाही, वर्षानुवर्षं मागे वाकून वाकून हाड झिजलं आणि मग तुटलं, असं ते म्हणाले. ती चालेल, फिरेल, सगळं करेल, पण स्पर्धा विसरा. नत्थू बाहेरच्या बाकावर बसून होता. त्याला आत बोलावलं तेव्हा तो उठला नाही. घरी येऊन तो कौसल्याला म्हणाला, "तिले खेळाचंच नव्हतं." त्यानंतर चार महिने तो मुलीशी एक शब्द बोलला नाही. भिंतीवरचा फोटो मात्र त्याने काढला नाही.

*

शहराबाहेर मिहान या औद्योगिक भागाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक नवी गोल्फ अकादमी निघाली तेव्हा पायल वीस वर्षांची होती. तिला तिथे रिसेप्शनवर नोकरी मिळाली. मुख्य प्रशिक्षक होता विक्रम, पस्तिशीचा, दोन वर्षं परदेशात शिकून आलेला. त्याच्याकडे चेंडूमागे ठेवायचा एक रडार होता. तो चेंडूचा वेग, दिशा, फिरकी, क्लबची वाट, क्लबच्या तोंडाचा कोन, सगळं क्षणात पडद्यावर आकड्यांत दाखवायचा. पायाखालची चटई सांगायची की भार कुठल्या पायावर आहे. छातीला आणि कमरेला पट्टे बांधले की अंग कुठे किती वाकतं ते कळायचं. कोणी कोणावर ओरडत नव्हतं, कोणी कोणाला मारत नव्हतं. मुलाला विचारल्याशिवाय त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, असा लेखी नियम होता. पायलने तो पहिल्या दिवशी वाचला आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा जाऊन वाचला. भिंतीवर एक मोठा फलकही होता, ज्यावर सगळ्या मुलांची नावं त्या आठवड्याच्या आकड्यांप्रमाणे वरून खाली लावलेली असत, आणि तळाशी असलेली मुलं त्या भिंतीजवळून जाताना जमिनीकडे बघत जात. त्याच्याबद्दल पायलला विशेष काही वाटलं नाही.

सहा महिन्यांनी, गिऱ्हाईक नसलेल्या एका दुपारी, विक्रमने तिच्या जुन्या स्पर्धेचं चित्रण मागितलं आणि संगणकावर लावलं. तिच्या पाठीवर रेघा काढल्या, कोन मोजला.

"दिवसाला किती फटके मारायचीस?"

"तीनशे."

"किती वर्षं?"

"बारा."

विक्रम म्हणाला की ही वाकण पन्नास वर्षांपूर्वी जगभर शिकवत, आणि त्या पिढीतल्या बऱ्याच खेळाडूंच्या पाठी गेल्या, म्हणून ती केव्हाच सोडून दिली. तिला कोणी सांगितलं नाही का, असं त्याने विचारलं. नाही, ती म्हणाली. तिला यात फारसं नवल वाटलं नाही. डॉक्टरांनी साधारण हेच सांगितलं होतं.

नवल वाटलं ते दुसऱ्या गोष्टीचं. विक्रम रडारचे आकडे समजावताना सहज म्हणाला की चेंडू क्लबच्या वाटेने निघतो ही जुनी समजूत साफ चुकीची ठरली आहे. चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबचं तोंड जिकडे असतं तिकडे. वाट आणि तोंड यांच्यात फरक असला की तो वळतो. रडार आले तेव्हा हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

पायलने विचारलं, "म्हणजे तोंड झेंड्याकडे ठेवून क्लब झाडाच्या उजवीकडे फिरवला, तर?"

"तर चेंडू सरळ झाडावर जाईल," विक्रम म्हणाला. "दुसरं काय होणार?"

तिने त्याला ते आकड्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. त्याने दाखवलं. मग ती बाहेर गेली आणि पार्किंगच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिली. बाप सांगत होता तसंच, अगदी तंतोतंत, तिचे हात करत होते. चुकली असती तर चेंडू झाडाच्या बाजूने गेला असता. तिने ऐकलं म्हणून तिला मार बसला होता.

तिने प्रशिक्षकाच्या परीक्षा दिल्या. दोन वर्षांत ती सहायक प्रशिक्षक झाली. वर्धा रोडला एका सहकारी मुलीबरोबर खोली घेऊन राहू लागली. महिन्यातून एकदा घरी जायची, आईशी बोलायची, बापाशी कामापुरतं.

*

अकादमीला तीन वर्षं झाली तेव्हा मालकांनी कार्यक्रम करायचं ठरवलं. पालक येणार, काही पत्रकार येणार. गोल्फचं प्रशिक्षण कसं बदललं हे दाखवायचं. विक्रम म्हणाला, जुन्या पद्धतीचा कोणी प्रशिक्षक मिळाला तर त्याचा फटका यंत्रावर मोजून दाखवता येईल. पायल म्हणाली, माझे वडील येतील.

विक्रमला सगळं ठाऊक होतं. त्याने विचारलं, त्यांना वाईट नाही वाटणार? पायल म्हणाली, त्यांचा सत्कारही करू, शाल-श्रीफळ देऊ. विक्रमने आणखी काही विचारलं नाही. त्याला माणूस हवा होता.

तिने घरी जाऊन सांगितलं तेव्हा नत्थूने दोनदा विचारून खात्री करून घेतली. चाळीस वर्षांत त्याचा कोणी सत्कार केला नव्हता. तो दुसऱ्याच दिवशी मैदानावर सगळ्यांना सांगत सुटला. मुकुंद साहेब म्हणून एक निवृत्त अभियंता अकरा वर्षं त्याच्याकडे शिकत होते, त्यांना त्याने आग्रहाने बोलावलं. कार्यक्रमाच्या दिवशी त्याने पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घेतला, आपले जुने क्लब घासूनपुसून चकचकीत केले. कौसल्याला म्हणाला, "पोरीच्या मनातलं गेलं वाटते." कौसल्या गुडघ्यामुळे जाणार नव्हती. तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं.

सभागृहात सत्तरेक माणसं होती. पायलने माइकवर त्याची ओळख करून दिली. ज्येष्ठ प्रशिक्षक, चाळीस वर्षांचा अनुभव, असं म्हणाली. वडील म्हणाली नाही. घरची बोली तिने दारातच सोडली होती, ती पुस्तकी मराठीत बोलत होती आणि त्याला "नत्थूजी" म्हणत होती. नत्थूला ते मोठेपणाचं वाटलं. दोघा जणांनी त्याच्या छातीला आणि कमरेला पट्टे बांधले. पडद्यावर संगणकाने काढलेलं मैदान आलं. मधोमध एक झाड, त्याच्या मागे झेंडा.

"नत्थूजी, झाडाला वळसा घालून दाखवाल?"

त्याने दाखवला. सहासष्टाव्या वर्षीही त्याचा क्लब पाण्यासारखा फिरला. पडद्यावरचा चेंडू उजवीकडून निघाला, वळला, झेंड्यापासून हातभर अंतरावर पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुकुंद साहेब उभे राहून वाजवत होते. त्याने आणखी दोन मारले, दोन्ही तसेच. तो हसत होता. पायलने त्याला इतकं मोकळं हसताना फारसं कधी पाहिलं नव्हतं. ती क्षणभर थांबली. मग तिने विचारलं, "कसं केलंत, सांगाल?"

नत्थूने सांगितलं. तोंड झेंड्याकडे, क्लब झाडाच्या उजवीकडे.

पायलने आकडे पडद्यावर आणले. क्लबचं तोंड झेंड्याकडे नव्हतंच. तिन्ही वेळा ते झेंड्यापासून चार-पाच अंश उजवीकडे होतं, झाडाच्या कडेबाहेर. "यांच्या हातांना बरोबर माहीत आहे," ती म्हणाली. "पण हे शिकवतात ते वेगळंच. चाळीस वर्षं हे एक करत आले आणि दुसरं सांगत आले." लोक थोडे हसले. नत्थूही हसला, कारण त्याला वाटलं काही गंमत चालली आहे.

मग तिने वेदिका नावाच्या बारा वर्षांच्या विद्यार्थिनीला पुढे बोलावलं आणि नत्थूजींनी सांगितलं अगदी तसंच करायला सांगितलं. वेदिकाने केलं. चेंडू झाडावर आदळला. पुन्हा मारला, पुन्हा आदळला. तिसऱ्या वेळी वेदिकाने ओठ चावत पायलकडे पाहिलं.

"यात तिची काहीही चूक नाही," पायल माइकवर म्हणाली. "तिने सांगितलं तसंच केलं."

नत्थूचं हसू तेव्हा गेलं. तो पडद्याकडे पाहत राहिला, त्या चार-पाच अंशांकडे.

ती थांबली नाही. त्याच्या पाठीची आकृती तिने पडद्यावर आणली, मागे वाकलेली, लाल रंगात. ही वाकण एके काळी सुंदर समजली जायची, असं ती म्हणाली. मग एक स्कॅन दाखवला. एकोणीस वर्षांची मुलगी, राज्यात पहिली आलेली, या शिकवण्यामुळे मणका दोन्हीकडून तुटला, खेळ संपला. नत्थूने ती फिल्म आधी कधी पाहिली नव्हती. त्याने काळ्या-पांढऱ्या हाडांकडे मान पुढे करून पाहिलं.

पुढच्या रांगेतल्या एका आईने विचारलं, "कोणी शिकवलं होतं त्या मुलीला?"

पायल दोन पावलं चालून गेली आणि तिने माइक बापाच्या तोंडासमोर धरला.

नत्थूने तिच्याकडे पाहिलं. तिने माइक हलवला नाही.

"म्या," तो म्हणाला. "माही पोरगी हाय थे."

"धन्यवाद," पायल म्हणाली आणि पडद्यावरचं पुढचं चित्र आणलं.

शेवटी सत्कार झाला. पट्टे सोडायला कोणाला सुचलं नाही. मालकांनी शाल त्या पट्ट्यांवरूनच पांघरली, नारळ हातात दिला, फोटो काढले. टाळ्या या वेळी कमी होत्या. मुकुंद साहेब शेवटपर्यंत थांबले नाहीत.

नत्थू शाल खुर्चीवर विसरून बाहेर आला. पायल ती घेऊन त्याच्या मागे पार्किंगमध्ये गेली. तो लुनाला टेकून उभा होता.

"घरी सांगतलं असतं मले," तो म्हणाला.

"घरी आयकलं असतं तुम्ही?"

त्याने खरंच विचार केला. "नाही," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "थे आकडे खरे हायेत?"

"खरे आहेत."

"चेंडू तोंडाच्या मतानं जाते."

"हो."

"म्हंजे तू बरोबर मारून राहिली होती. लहानपणी. बाभळीपाशी."

"हो."

"आन् म्या तुले त्याच्यापायी मारलं."

"हो, बाबा."

त्याने तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो हात शालीखाली होता. ती तशीच उभी होती. तो काहीतरी म्हणेल म्हणून ती वाट पाहत राहिली. हा क्षण तिने दोन-तीन वर्षं मनात अनेकदा घडवून पाहिला होता, त्यात कधी तो रडायचा, कधी पाया पडायचा, कधी तिच्यावर हात उगारायचा. त्याने यातलं काहीच केलं नाही. तिलाही काही वाटलं नाही. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तेवढी भूक लागल्याचं तिच्या लक्षात आलं. तिने शाल लुनाच्या पुढच्या टोपलीत ठेवली आणि आत गेली.

*

कार्यक्रमाचं चित्रण अकादमीने इंटरनेटवर टाकलं. ते नागपुरात बऱ्याच जणांनी पाहिलं. माइकसमोर "म्या" म्हणणारा नत्थू मुलांनी एकमेकांना पाठवला. मैदानावर नत्थूकडे रविवारी येणारी सहा माणसं होती, ती महिन्याभरात दोन झाली, मग एकही राहिली नाही. समितीच्या सचिवांनी त्याला बोलावून नम्रपणे सांगितलं की खेळायला अवश्य या, शिकवू मात्र नका. मुकुंद साहेब अकादमीत जाऊ लागले. नत्थू एकदा रस्त्यात भेटला तेव्हा ते म्हणाले, "अकरा वर्षं गेली माझी, मास्तर." ते रागाने म्हणाले नव्हते, म्हणून त्याला जास्त लागलं.

तो तरी रोज सकाळी मैदानावर जात राहिला. एकटाच चेंडू मारायचा. आता त्याला तोंड कुठे आहे ते बघायचं होतं, आणि बघायला लागल्यापासून त्याचे हात बिघडले. चाळीस वर्षं जे हात न विचारता बरोबर करत होते त्यांना तो विचारायला लागला. चेंडू कधी झुडपात, कधी कुंपणाबाहेर जाऊ लागला. कॅडी आधी लपून हसायचे, मग समोरच हसायला लागले.

पावसाळा संपल्यावर त्याने पायलला फोन केला. शिकायचं आहे, म्हणाला.

"आता शिकून काय करता? शिकवाले कोण येणार आहे तुमच्याकडे?"

"कोनी नाही. मलेच समजून घ्याचं हाय."

पायलने त्याला सांगितलं की रिसेप्शनवर नाव नोंदवावं लागतं. त्याने नोंदवलं. गुरुवारी सकाळी अकराची वेळ मिळाली.

तिने त्याला बाकीच्यांना शिकवतात तसंच शिकवलं. त्याच्या अंगाला हात लावण्याआधी परवानगी विचारली. तो गोंधळला, मग हो म्हणाला. डोकं थोडं फिरू द्या, पाठ सरळ ठेवा, इथे आकडा बघा. तो प्रत्येक गोष्ट लहान मुलासारखी ऐकत होता आणि प्रत्येक फटक्यानंतर तिच्याकडे वळून पाहत होता, कसा झाला ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं का म्हणून. ती पडद्याकडे पाहत असायची. चौथ्या गुरुवारी एक चेंडू सरळ गेला, तोंड आणि वाट दोन्ही शून्यावर, आणि त्याला पहिल्यांदाच कळलं की तो का सरळ गेला. "समजलं मले," तो म्हणाला.

"चांगलं आहे," पायल म्हणाली. तिने आकडा नोंदवला. "पुढचा मारा."

त्या संध्याकाळी ती विक्रमकडे गेली आणि गुरुवारची अकराची वेळ मला नको, असं म्हणाली. विक्रमने कारण विचारलं. तिने सांगितलं की तो माणूस प्रत्येक फटक्यानंतर माझ्या तोंडाकडे बघतो याची मला मजा येते आहे, आणि ती मला येऊ द्यायची नाही. विक्रमला ते नीट कळलं नाही, पण त्याने वेळ बदलून दिली.

पुढच्या गुरुवारी नत्थू पावणेअकरालाच आला. रिसेप्शनवरच्या मुलीने त्याला सांगितलं की आजपासून पियूष सर तुम्हाला शिकवतील. काचेपलीकडे, शेवटच्या जागेवर, पायल वेदिकाशी बोलत उभी होती. तिने इकडे पाहिलं नाही. नत्थू जरा वेळ काउंटरला धरून उभा राहिला.

"थो पोरगा चांगला शिकवते का?" त्याने विचारलं.

"चांगलं शिकवतात, काका."

नत्थूने मान हलवली, टोपी काढून खिशात घातली आणि पियूष कुठे उभा असतो ते विचारून आत गेला.